शब्द एक, उत्तरे दोन : शोधयंत्र आणि ब्राउझर

एटापल्ली तालुक्यातील एखाद्या गावी ग्रामसभा भरावयाची आहे, अशी कल्पना करावी. विषय सामूहिक वनसंपत्तीवरील हक्काच्या दाव्याचा आहे. सभेस गणपूर्ती किती लागते हे पाहण्यासाठी ग्रामपंचायत अधिकारी कार्यालयातील संगणकावर शोध घेतात, आणि शेजारी बसलेले गुरुजी तेच शब्द आपल्या मोबाइलवर लिहितात. एकाच्या पडद्यावर दोन तृतीयांश सभासदांची उपस्थिती आवश्यक असल्याचे येते, तर दुसऱ्याच्या पडद्यावर निम्म्या सभासदांची. दोन्ही कागद खरे आहेत. वनहक्क कायद्याखालील केंद्र शासनाचे नियम १ जानेवारी २००८ रोजी प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन तृतीयांश गणपूर्तीची अट होती. ६ सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीने ती निम्म्यावर आली आणि उपस्थितांपैकी किमान एक तृतीयांश महिला असाव्यात अशी जोड तिला मिळाली. जुना कागद प्रमाण मानून सभा तहकूब झाली, तर तेंदू हंगामातील एका दिवसाची मजुरी सोडून आलेली माणसे रिकाम्या हाती परत जातील.

असे का घडते? बहुतेकांची समजूत अशी की ब्राउझर म्हणजेच शोधयंत्र. वस्तुतः ही दोन निरनिराळी साधने होत. ब्राउझर हा चिठ्ठी घेऊन जाणारा निरोप्या आहे. शोधयंत्र हा कपाटातून पुस्तके काढून देणारा ग्रंथपाल आहे. निरोप्या बदलला की पुष्कळदा चिठ्ठी निराळ्या ग्रंथालयात जाते, एवढेच या गोष्टीचे मुख्य रहस्य. गूगलचा क्रोम हा ब्राउझर, आपण काही बदल केला नसेल तर, प्रश्न गूगलकडे नेतो. मायक्रोसॉफ्टचा एज तोच प्रश्न बिंगकडे नेतो. नव्या विंडोज संगणकावर एज आधीच बसविलेला असतो आणि अँड्रॉइड मोबाइलवर बहुधा क्रोम असतो. त्यामुळे कार्यालयातील संगणक आणि खिशातील मोबाइल यांची उत्तरे जुळली नाहीत, तर आश्चर्य वाटावयास नको.

गूगल व बिंग यांसारखी शोधयंत्रे इंटरनेटवरील पाने आपापल्या परीने वाचून त्यांची स्वतःची सूची तयार करतात. जे पान एकाच्या सूचीत आहे ते दुसऱ्याच्या सूचीत असेलच असे नाही. कोणते पान वर ठेवावयाचे याचे निकषही वेगवेगळे असतात. कायद्याचा कोणता पाठ आज लागू आहे, हे यंत्र एखाद्या कायदेपंडिताप्रमाणे तपासून पाहत नाही. जुन्या पानाचा उल्लेख वर्षानुवर्षे अनेक ठिकाणी झालेला असतो, म्हणून ते पुष्कळदा नव्या पानाच्या वर येते. मराठी शासकीय कागदांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्यांपैकी कित्येक कागद केवळ छायाप्रतीच्या रूपाने, किंवा युनिकोडपूर्व जुन्या टंकात ठेवलेले आहेत. माणसास ते वाचता येतात, परंतु यंत्रास ती अक्षरे उमगतीलच असे नाही, आणि जे उमगत नाही ते शोधात सापडत नाही. आमच्या मते हा दोष शोधयंत्रापेक्षा कागद ठेवणाऱ्यांच्या पदरी अधिक जातो.

आता समजा, दोन्ही ब्राउझरांत गूगलच आहे. तरीही फरक पडू शकतो. एका ब्राउझरमध्ये आपण आपल्या खात्याने प्रवेश केलेला असतो आणि पूर्वीच्या शोधांची नोंद त्यास जोडलेली असते, तर दुसरा ब्राउझर आपणास ओळखतही नाही. ठिकाणाचाही परिणाम होतो. मोबाइलला ठिकाण सांगण्याची परवानगी दिली असेल, तर प्राणहितेच्या काठावरील सिरोंचाचा माणूस सिरोंचातच दिसतो. परवानगी नसेल, तर जोडणीच्या क्रमांकावरून अंदाज बांधला जातो आणि तो दूरच्या एखाद्या शहराचाही निघतो. मग जवळचे सेवा केंद्र विचारावे आणि भलत्याच जिल्ह्याचा पत्ता मिळावा, असे होते. खाजगी खिडकी उघडल्याने मागची नोंद बाजूस राहते, परंतु जोडणीवरून बांधलेला ठिकाणाचा अंदाज कायम राहतो.

भाषेचा मुद्दा आपल्या दोन जिल्ह्यांस विशेष लागू आहे. ब्राउझरच्या मांडणीत इंग्रजी, हिंदी की मराठी भाषा निवडली आहे, हे तो शोधयंत्रास कळवितो. मराठी व हिंदीची लिपी एकच असल्याने ‘वन अधिकार’ असे लिहिले की शेजारच्या छत्तीसगड व मध्य प्रदेशाची हिंदी पाने पुढे येण्याचा संभव वाढतो. ‘वनहक्क’ लिहिल्यास महाराष्ट्रातील पाने अधिक येतात. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाची माहिती हवी असल्यास तालुक्याचे नाव जोडणे बरे, नाहीतर ‘मेंढा’ या शब्दाने पशुपालनाचीच पाने हाती लागावयाची! शिक्षकांनी जुना इतिहास शोधताना ‘चांदा’ हेही नाव घालून पाहावे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला, म्हणून त्यापूर्वीची अहेरी किंवा भामरागडची माहिती चंद्रपूर अथवा चांदा या नावाखालीच सापडेल.

काही ब्राउझर जाहिराती गाळतात, काही तशाच दाखवितात. म्हणून एका पडद्यावरील पहिले उत्तर दुसऱ्यावर मुळीच दिसत नाही. ‘प्रायोजित’ असे लिहिलेली ओळ ही पैसे देऊन घेतलेली जागा असते. अर्ज भरून देण्याचे पैसे मागणारी खाजगी पाने कित्येकदा तेथेच आढळतात.

दोन पडद्यांवर दोन उत्तरे आली, तर कोणता ब्राउझर चांगला हा वाद घालण्यात अर्थ नाही. कागदावरील दिनांक प्रथम पाहावा. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ आहे काय ते पाहावे. शोधाच्या शब्दांत ‘२०१२ दुरुस्ती’ असे वर्ष घालून पुन्हा विचारावे. वनहक्काच्या नियमांपुरते बोलावयाचे तर सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्याचा स्वतंत्र नमुना २०१२ च्या दुरुस्तीनेच आला. हाती आलेल्या प्रतीत तो नमुना नसेल, तर ती प्रत जुनी समजून बाजूस ठेवावी आणि सभेची सूचना काढण्यापूर्वी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून दुरुस्त प्रत मागवून घ्यावी.