सिग्नल सुटला आणि गाडी बंद पडली! नवशिक्यांचं नेमकं कुठे अडतं?

ड्रायव्हिंग क्लास संपला, लायसन्स हातात आलं, तरी घरची गाडी चढावर थांबली की अनेकांचे पाय लटपटतात. मागून हॉर्न वाजला की गाडी हमखास बंद! यात भित्रेपणाचा भाग कमी, क्लासच्या गाडीचा जास्त. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. ऐन वेळी ते हळूच क्लच दाबतात, गाडी सावरते आणि ती आपणच सावरली असं शिकणाऱ्याला वाटतं.

गाडी बंद का पडते?

स्टार्ट करून नुसत्या उभ्या ठेवलेल्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेतं. छोट्या कारच्या पहिल्या गिअरमध्ये चाकाचा एक फेरा होईपर्यंत इंजिनाचे साधारण १२ ते १५ फेरे होतात. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबताही गाडी ताशी ५ ते ८ किलोमीटरने जायला हवी. पण चाकं तर अजून जागची हललेलीही नसतात. हा फरक क्लच प्लेट घासत घासत भरून काढते. क्लच एकदम सोडला की तिला तेवढा वेळच मिळत नाही आणि थांबलेली चाकं इंजिनालाही थांबवतात.

मग सराव कसा करायचा?

सपाट, रिकामं मैदान गाठा. शेजारी लायसन्स असलेली अनुभवी व्यक्ती हवीच. पहिला गिअर टाका, अ‍ॅक्सिलरेटरला पायच लावू नका आणि क्लच अगदी सावकाश सोडा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, पायाला बारीक थरथर जाणवते. क्लच 'पकडतो' ती हीच जागा. पाय तिथेच दोन-तीन सेकंद धरा, गाडी सरकली की उरलेला क्लच सोडा. ही जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते. क्लासच्या गाडीवरचा अंदाज घरच्या गाडीवर चालत नाही तो यामुळेच.

चढावर हँडब्रेक ओढून ठेवा. क्लच पकडेपर्यंत सोडा, थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या, गाडी पुढे ओढ घेतेय असं जाणवलं की मगच हँडब्रेक खाली करा. काही नव्या गाड्यांत हिल होल्डची सोय असते, पण ती गाडी जेमतेम दोन-तीन सेकंद धरून ठेवते.

अनेक जण चढावर ब्रेकऐवजी हाफ क्लचवरच गाडी तोलून धरतात. दिसायला सफाईदार, पण प्लेट तापते आणि जळका वास येतो. प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे मजुरीही वाढते.

क्लास सुरू असेल तर शेवटच्या काही दिवसांसाठी शिकवणाऱ्यांना एवढंच सांगा: ब्रेकवर पाय ठेवा, पण क्लचला हात, म्हणजे पाय, लावू नका. आणि तरीही भर चौकात गाडी बंद पडलीच, तर आधी ब्रेक, मग क्लच, मग चावी. हॉर्न वाजवणारा थांबेल.