घर घेताना : बोली आणि मोजणी

मंडळी, ‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपण म्हणतो. पण आयते घर विकत घ्यायचे असेल, तर काय पाहावे? समजा, तुमच्या गावचे एक गुरुजी निवृत्त झाले आणि नाशिक शहरात घर घ्यावे असे त्यांच्या मनात आले. फंडाची सारी पुंजी हाताशी आहे. ती एकदा चुकीच्या जागी अडकली, की पुन्हा जमायची नाही. म्हणून आज बोली आणि मोजणी या दोन गोष्टी समजून घेऊ.

आधी बोली. कर्ज थकले की बँक २००२ च्या कायद्याने गहाण घर विकू शकते. पहिल्या विक्रीपूर्वी मालकाला तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि जाहिरात वर्तमानपत्रांत येते. जाहिरातीत राखीव किंमत असते, म्हणजे तिच्याखाली बोली नाही. पूर्वी ‘एकवार, दोनवार, तीनवार’ असा पुकारा होई. आता बहुतेक बोली संगणकावर लागते.

हिशेब असा. राखीव किंमत २० लाख आणि अनामत २ लाख धरा. गुरुजींची २४ लाखांची बोली सर्वांत वर राहिली. तर चौथा हिस्सा, म्हणजे ६ लाख, त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरायचे. त्यात अनामतीचे २ लाख धरले जातात, म्हणून आणखी ४ लाख लागतील. उरलेले १८ लाख विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत भरायचे. बँकेने लेखी मुदत वाढवून दिली नाही आणि पैसे चुकले, तर भरलेली रक्कम जप्त होते! म्हणून पैशाची तजवीज आधी करा, आणि आपली शेवटची बोली आदल्या रात्रीच कागदावर लिहून ठेवा. चढाओढीत भान राहत नाही, बरं का.

जाहिरातीत ‘जसे आहे, जेथे आहे’ असे शब्द असतात. त्यांचा साधा अर्थ असा, की थकलेली घरपट्टी, आत राहणारा भाडेकरू, शेजाऱ्याशी भिंतीचा तंटा, हे सारे घेणाऱ्याच्या माथी येऊ शकते. म्हणून बोलीआधी वकिलाकडून दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील तीस वर्षांच्या नोंदी पाहून घ्याव्यात.

आता मोजणी. आपल्याकडे जुनी साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. शेताला सात-बारा, तशी शहरातल्या जागेला मिळकत पत्रिका. गावठाणातल्या घरांसाठी २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने नकाशे करण्याचे काम सुरू झाले.

खाजगी सौद्यात मालकालाच भूमि अभिलेख कचेरीत मोजणीचा अर्ज करायला सांगा. लगतच्या धारकांना नोटीस जाते, भूकरमापक येऊन हद्दी दाखवतो. लिलावात मात्र घर अजून आपले नसते. तिथे स्वतः फीत घेऊन जा, आणि पत्रिकेवरचे क्षेत्र व जागेवरचे क्षेत्र ताडून पाहा.

जागा मोजली म्हणजे घर तपासले असे नव्हे. जुन्या नाशकातल्या वाड्यांत लाकडी खांबांना वाळवी असू शकते. जाणता इंजिनिअर बरोबर न्या. गोदाकाठी घर असेल तर १९६९ आणि २००८ च्या पुरात पाणी कुठवर आले होते, ते शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा. दुतोंड्या मारुती किती बुडाला यावरून नाशिककर पूर सांगतात. त्या आठवणी फार कामाच्या. शिवाय महापालिकेत पूररेषा पाहा.

शेवटी शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. मुलांच्या हाती फीत देऊन शाळेचे आवार मोजून घ्या, त्याचे गुंठे काढा, आणि एखादा सात-बारा वर्गात वाचून दाखवा. उद्या घरात सौदा निघेल तेव्हा ती मुले वडिलांना म्हणतील, “बाबा, आधी मोजू या!”