गव्हाच्या घरात बिनगव्हाची न्याहारी

डायनरची सकाळ ग्रिडलवर चालते. उडप्याकडच्या डोशाच्या तव्यासारखा हा लांबरुंद, सपाट पोलादी तवा; खालून गॅस, पुढच्या कडेला तेल-चरबी वाहून जायला पन्हळ. एका टोकाला पॅनकेकचं पीठ पडतं, मध्ये बेकन तडतडत असतं, दुसऱ्या टोकाला किसलेल्या बटाट्याचे हॅश ब्राउन खरपूस होत असतात आणि उरलेल्या जागेत अंडी. एकच उलथनं सगळीकडे फिरतं. न्यूयॉर्कला अपर वेस्ट साइडच्या एका डायनरमध्ये काउंटरपाशी बसून मी हे सगळं टक लावून बघत होते, कारण शेजारी बसलेल्या माझ्या भाचीला त्या तव्यावरचं काहीही चालणार नव्हतं.

तिला सीलिॲक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषणारे आतल्या अस्तराचे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. कॉलेजात असताना गोळ्या घेऊनही तिचं हिमोग्लोबिन वर येईना, तेव्हा कुठे डॉक्टरांना शंका आली. यावर औषध नाही, पथ्य हाच उपचार. वजन कमी करायला म्हणून पोळी सोडणारे आणि ही, दोघंही हॉटेलात ‘ग्लुटेन-फ्री’ हाच शब्द वापरतात. म्हणून सीलिॲकवाल्यांचं म्हणणं कधीकधी कोणी मनावर घेत नाही. मला हे फार लागतं.

गव्हाचा हा दोष ओळखला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्यांना आधीपासून संशय होताच. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नाची भीषण टंचाई झाली, पाव दिसेनासा झाला, त्या अनुभवाने तो संशय बळावला आणि 1950 साली त्यांनी आपला प्रबंध लिहिला. किती ग्लुटेन बाधतं, याचाही पुढे अभ्यास झाला. रोज 50 मिलिग्रॅम काही महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होऊ शकते. पावाच्या एका स्लाइसमध्ये दोन ग्रॅम किंवा त्याहून जास्त ग्लुटेन असतं, म्हणजे स्लाइसचा चाळिसावा भागसुद्धा पुरे. टोस्टरच्या तळाशी साठलेला चुरा आठवून बघा.

मेनूत पॅनकेकपुढे ‘ग्लुटेन-फ्री’ असं लिहिलेलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. भाचीने मात्र ते पान उलटून टाकलं. “मावशी, पीठ तांदळाचं असेल गं, पण तवा तोच ना?” बरोबर होतं तिचं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2013 साली ‘ग्लुटेन-फ्री’ची मर्यादा ठरवली: एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी. पण हा नियम मुळात पाकीटबंद मालासाठी आहे. मिश्रणाच्या पाकिटाने तो पाळला, तरी ते पीठ गव्हाच्या पॅनकेकशेजारी ओतलं की त्या आकड्याला अर्थ उरत नाही. तापलेल्या तव्यावर सगळं जळून जातं, असं अनेकांना वाटतं. ग्लुटेन हा काही जंतू नव्हे. ते भाजल्याने मरत नाही, हाताला सॅनिटायझर चोळल्याने जात नाही. साबण लावून, घासून, पाण्याने धुवावं लागतं.

काउंटरमागच्या बाईंनी कॉफी ओतता ओतता विचारलं, “आवड म्हणून की आजार म्हणून, हनी?” या एका प्रश्नाने मी निश्चिंत झाले. आजार आहे म्हटल्यावर त्यांनी ऑर्डरच्या चिठ्ठीवर तांबड्या पेनाने ॲलर्जी लिहून खाली रेघ ओढली. मग भाचीचे प्रश्न सुरू झाले, अगदी शांतपणे. ऑम्लेटमध्ये पॅनकेकचं पीठ घालता का? (ऑम्लेट फुगावं म्हणून काही ठिकाणी चमचाभर घालतात, हे मला त्या दिवशी कळलं.) सॉसेजमध्ये ब्रेडचा चुरा आहे? बटाटे कशात तळता, त्याच तेलात पिठात घोळवलेले कांदेही तळता का? बाईंना दोन गोष्टी ठाऊक होत्या. तिसरीला त्या म्हणाल्या, “थांब, मी त्यालाच विचारते,” आणि खरंच आत गेल्या. ‘असेल’, ‘नसावं’ असलं काही त्या बोलल्या नाहीत. तळणाचं तेल एकच निघालं. तो पदार्थ रद्द.

मग त्या आचाऱ्याचं काम पाहिलं. चिठ्ठी वाचून त्याने हातातलं उलथनं ठेवलं, साबणाने हात धुतले, नवे हातमोजे घातले. मांडणीवरून छोटं पॅन घेतलं, पुन्हा धुतलं, पुसलं आणि ग्रिडलपासून दूर, कोपऱ्यातल्या शेगडीवर चढवलं. लोण्याचा डबा समोरच होता. पावाला लोणी लावणारी सुरी त्यात दिवसभर बुडते. तो डबा बाजूला सारून त्याने नवी वडी उघडली. अंडी स्वच्छ वाटीत फोडून काट्याने फेटली. त्याच पॅनमध्ये नंतर उकडलेले बटाटे परतले, नुसतं मीठ-मिरी घालून. मक्याच्या टॉर्टिया तव्यावर न टाकता कागदात गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्या. मागे चिठ्ठ्यांची रांग वाढत होती, तरी त्याने घाई केली नाही. ताट त्याने स्वतः आणून ठेवलं. टोस्टच्या ताटांबरोबर एका हातावर येऊ दिलं नाही.

मीही तेच मागवलं होतं. कडा किंचित तांबूस झालेलं मऊ ऑम्लेट, लोण्यात परतलेले बटाटे, संत्र्याच्या फोडी. चव साधी, उत्तम. पाव नाही म्हणून काही कमी आहे, असं एकदाही वाटलं नाही.

डायनरमध्ये हे जमतं, याला कारण आहे. 1872 साली वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने रोड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावात रात्रपाळीच्या लोकांसाठी घोडागाडीतून खाणं विकायला सुरुवात केली, तिथून हा प्रकार वाढला. पुढे न्यू जर्सीच्या कारखान्यांत आख्खे डायनर तयार होऊ लागले, अनेक ग्रीक कुटुंबांनी ते चालवले. पण मागितल्यावर, समोर, एका माणसापुरतं शिजवायचं ही रीत टिकली. बुफेत चमचे इकडचे तिकडे होतात, कोणाला काही विचारायची सोय नसते. इथे विचारता येतं. वेळ मात्र पाहून जावं. रविवारी अकराच्या गर्दीत चांगल्या आचाऱ्याचाही हात चुकू शकतो, मंगळवारी दहा वाजता तोच निवांत असतो.

बाहेर पडल्यावर भाची म्हणाली, “मला आपल्या लोकांकडच्या पोह्यांची जास्त भीती वाटते.” न्यू जर्सीत कोणाकडे गेली की प्रेमाने पोहे पुढे येतात. “अगं, पोह्यात कुठला आलाय गहू?” फोडणीतलं हिंग कोणाच्या लक्षात येत नाही. बाजारात मिळणाऱ्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. कॉर्नफ्लेक्समध्ये बऱ्याचदा जवाचं माल्ट असतं. थालिपिठाच्या भाजणीत बहुतेकदा गहू असतो. नको म्हटलं तर यजमानांना वाईट वाटतं, म्हणून ती मुकाट्याने चार घास खाते आणि पुढे दोन दिवस आजारी पडते. गव्हाने भरलेल्या परक्या स्वयंपाकघरात तिला विचारायची मुभा आहे. आपल्या घरात ती आपण दिलेली नाही.

तुमच्याकडे असं कोणी येणार असेल, तर वेगळं काही रांधू नका. डब्यांवरचे घटक वाचा, धुतलेली कढई घ्या, हिंग वगळा आणि त्या माणसाला स्वयंपाकघरात येऊन विचारू द्या.