मद्यासक्ती : देहाचा विकार की मनुष्याचे पाप?

मंडळीतील एखादा मनुष्य वारंवार शपथ घेतो आणि पुन्हा मद्याकडे वळतो, तेव्हा पाळकापुढे दोन उत्तरे उभी राहतात. हे पाप आहे, पश्चात्ताप हवा, असे एक सांगते; हा मेंदूचा विकार आहे, औषध हवे, असे दुसरे. यांतील एकच निवडावे लागते असे आम्हांस वाटत नाही.

ग्वाल्हेरच्या बिर्लानगरसारखी वस्ती डोळ्यांपुढे आणावी. तेथे १९२१ साली जियाजीराव कॉटन मिल उभी राहिली आणि १९९० नंतरच्या दशकात ती बंद पडली. गिरणीच्या वस्तीत रात्रपाळी झोपेचे चक्र मोडते आणि पुढे बेकारी मन पोखरते. अशा घरी मद्य शिरले, तर केवळ दुष्ट इच्छा हेच त्याचे कारण मानणे अपुरे होय.

शास्त्र काय सांगते? जुळ्या भावंडांच्या व दत्तक मुलांच्या अभ्यासांवरून, मद्यासक्तीकडे असलेल्या कलात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असतो. शिवाय मद्य मेंदूतील उत्तेजना दाबते. नित्य पिणाऱ्याचा मेंदू तोल राखण्यासाठी ती आपणहून वाढवितो. पुढे पुढे पिण्यातील सुख ओसरते, ओढ मात्र उरते.

हे वर्णन ख्रिस्ती विचाराला परके नाही. रोमकरांस पत्राच्या ७ व्या अध्यायात पौल इच्छा व कृती यांतील याच दुफळीविषयी बोलतो. संत ऑगस्टीनने सुमारे इ. स. ४०० मध्ये आपल्या ‘कबुलीजबाबा’त दाखविले की इच्छेतून सवय जडते आणि सवयीतून बंधन. शास्त्राने त्या बंधनाचा देहातील मार्ग दाखविला, इतकेच.

तथापि कारण सांगणे म्हणजे दोषमुक्त करणे नव्हे. वारशाने आलेला कल मनुष्याने निवडलेला नसतो. म्हणून त्याबद्दल त्याला लाजविणे अन्यायाचे. पण आज साहाय्य मागणे किंवा न मागणे, घरच्यांपासून लपविणे किंवा सत्य बोलणे, यांचे उत्तरदायित्व त्याचेच राहते. पश्चात्तापाचा आरंभ येथेच होतो.

येथे एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. बरीच वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याकडून प्रार्थनासभेत एकाएकी मद्यत्यागाची शपथ घेवविणे त्याच्या जिवावर बेतू शकते. मद्य अचानक थांबल्यावर काही तासांतच हातांना कंप सुटतो, पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊ शकतो. याला सैतानाचा उपद्रव समजून घरीच बसू नये. शपथेपूर्वी त्याला डॉक्टरांकडे न्यावे. ज्या प्रभूने देह धारण केला, त्याची कृपा औषधाचा अव्हेर करीत नाही.

मात्र औषधाने कंप थांबतो, एकाकीपण थांबत नाही. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे एक शेअर दलाल व एक शल्यवैद्य या दोन मद्यपींच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा आरंभ झाला, १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. दोन्हींकडे उपचाराइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व सोबतीला आहे. ही सोबत तर मंडळीचे मूळचेच काम! म्हणून जो पुन्हा घसरला, त्याचा पश्चात्ताप खोटा होता असा निवाडा आपण देऊ नये. त्याच्या दारी पुन्हा जावे.