कादिझच्या मंडईतला जवळा

कादिझच्या मंडईत मी पहिल्यांदा पाऊल ठेवलं ते सोमवारी. मासळीचा चौक जवळजवळ रिकामा होता. धुतलेले ओटे, उपडे घातलेले क्रेट, आणि कोपऱ्यात कॉफी पीत बसलेल्या दोघी बायका. सेव्हिलला शिकणारी माझी भाची सोबत होती. तिनं चौकशी केली, तर त्यातली एक माझ्याकडे बघून हसली. रविवारी होड्या समुद्रात गेल्या नाहीत, तर सोमवारी ओट्यावर मासे येणार कुठून? मालवणात जन्मलेल्या, मिरकरवाड्यापासून ससून डॉकपर्यंत प्रत्येक बंदराच्या लिलावात पहाटे उभं राहण्याची खोड असलेल्या बाईला हे दुसऱ्या कुणी सांगावं लागलं, याची लाज मला अजून वाटते. मुक्काम दोन दिवसांचा ठरला होता, तो आम्ही पाच दिवसांचा केला.

स्पेनमधले बाजार म्हटलं की मंडळी बार्सिलोनाच्या बोकेरियाचं नाव घेतात. बोकेरिया मीही पाहिला. दिसायला देखणा आहे, पण दर्शनी भागात प्लास्टिकच्या पेल्यांतले रंगीत फळांचे रस आणि काडीला टोचलेलं हामोन. गर्दी इतकी, की २०१५ मध्ये तिथं शुक्रवार-शनिवारी सकाळी पंधराहून जास्त पर्यटकांच्या जथ्याला बंदी घालावी लागली. माद्रिदचा सान मिगेल १९१६ चा. त्याचा लोखंडी सांगाडा सुरेख आहे, पण २००९ पासून तिथं भाजी घ्यायला कुणी जात नाही, सगळे खायलाच जातात. हामोनविषयी मी इथं काही लिहिणार नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि माझा जीव डुकराच्या तंगडीत कधी अडकला नाही. माझा जीव जवळ्यात आहे.

कादिझविषयी थोडक्यात सांगायचं तर हे शहर अटलांटिकमध्ये घुसलेल्या चिंचोळ्या जमिनीच्या टोकाला आहे. फिनिशियन लोकांनी ते वसवलं. १७१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापाराची कचेरी सेव्हिलहून इथं आली आणि शहर गबर झालं. स्पेनची १८१२ ची राज्यघटना इथंच झाली. मंडई १८३८ ची, एका मठाच्या बागेच्या जागेवर बांधलेली, आणि देशातल्या सर्वांत जुन्या झाकलेल्या बाजारांत तिची गणना होते. सभोवार दगडी खांबांची ओवरी, आत फळं, भाज्या, मटण, आणि मधोमध मासळी. इतिहास एवढा पुरे.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता गेलो तेव्हा त्याच ओट्यांपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दी होती, पण रांग दिसत नव्हती. बायका इकडेतिकडे विखुरलेल्या, कुणी गप्पा मारतंय, कुणी शेजारच्या गाळ्यावर लिंबं निवडतंय. मी सरळ पुढे घुसले आणि चार जणींच्या नजरा एकदम माझ्यावर रोखल्या. भाचीनं दंड धरून मागे ओढलं. "मावशी, आधी विचारायचं, शेवटचं कोण?" तिथली पद्धत अशी, की गाळ्यापाशी आलं की मोठ्यानं विचारायचं, "एल उल्तिमो?" कुणीतरी हात वर करतं. त्या बाईच्या मागे आपला नंबर. मग खुशाल फिरा, कॉफी पिऊन या, फक्त ती बाई ध्यानात ठेवायची. अदृश्य रांग ती. आपल्याकडे दृश्य रांगसुद्धा टिकत नाही, त्यामुळे मला याचं भारी अप्रूप वाटलं. तिसऱ्या दिवसापर्यंत मी "एल उल्तिमो" अशा ठसक्यात विचारू लागले की लोक मला स्पॅनिशमध्ये पुढचं उत्तर देत आणि माझी पंचाईत होई.

आणि मग तो ओटा. एका उथळ परातीत करडा, पारदर्शक ढीग, आणि तो ढीग हलत होता. मधूनच एखादा टणकन उडून फरशीवर पडे. कामारोनेस. बोटाच्या पेरापेक्षा लहान, मिशा अंगाहून लांब, आणि सगळे जिवंत. आपला जवळा याहून बारीक आणि ओट्यावर येईस्तोवर मऊ पडलेला असतो. हे त्याचे जरा अंगापिंडानं भरलेले चुलतभाऊ म्हणायचे. विकणारी बाई सगळ्यांनाच "इहा" म्हणत होती, म्हणजे पोरी. मी साठीची, ती पन्नाशीची असेल. मी पोरगी झाले. तिनं मूठभर कामारोनेस माझ्या तळहातावर ठेवले. त्यांच्या पायांच्या गुदगुल्या मला अजून आठवतात.

हे येतात कुठून, ते पाहिल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी बसनं सान फर्नांदोला गेलो. कादिझच्या खाडीभोवती मैलोगणती मिठागरं आहेत. बरीचशी आता ओस पडली आहेत. भरतीचं पाणी चर खणून आत घ्यायचं, तळ्यांत साठवायचं, झडपेनं अडवायचं, मग उन्हात आटवायचं. या तळ्यांत पाण्याबरोबर मासे आणि कामारोनेस येतात आणि तिथंच पोसले जातात. मी बांधावर उभी राहिले आणि मला वाटलं, हे तर आपलं खाजण! तीच चिखलाची वाट, तीच खाऱ्या पाण्याची झडप, तोच वास. शिरोड्याची मिठागरं, जिथं १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, ती मी लहानपणी वडिलांच्या सायकलवर बसून पाहिली होती. मिठागर म्हणजे फक्त मीठ असं शहरी माणसाला वाटतं. त्याच्या कडेनं किती पोटं भरतात ते तिथं राहणाऱ्याला विचारावं. सान फर्नांदोचं आणखी एक नातं या कोळंबीशी आहे. फ्लामेन्को गाण्यातला मोठा गवई कामारोन दे ला इस्ला (१९५० ते १९९२) याच गावचा. पोरगा गोरा आणि काटकुळा, म्हणून घरच्यांनी त्याचं नाव कामारोन पाडलं. जवळ्याचं नाव मिरवणारा एखादा गानसम्राट आपल्याकडे असता तर!

आता मुद्द्याचं. या कामारोनेसचं करतात काय? तोर्तियितास दे कामारोनेस. नाव लांबलचक, पण पदार्थ तुम्हीआम्ही ओळखतो. हरभऱ्याच्या डाळीचं नव्हे, पण काबुली चण्याचं पीठ, त्यात गव्हाचं पीठ, पातीचा कांदा, पार्स्ली, मीठ, गार पाणी आणि कवचासकट, मिशांसकट अख्खे कामारोनेस. म्हणजे जवळ्याची भजीच की! मी पहिला घास घेण्याआधीच हे जाहीर करून टाकलं. आणि पहिल्या घासाला मला माझे शब्द मागे घ्यावे लागले.

मंडईच्या ओवरीत एका बाजूला खाण्याचे गाळे आहेत. तिथं एका तळणाऱ्यासमोर मी अर्धा तास उभी होते. त्याचं पीठ भज्याच्या पिठाहून कितीतरी पातळ, आपल्या घावनाच्या पिठासारखं वाहणारं. मोठ्या चमच्यानं ते तापलेल्या ऑलिव्ह तेलात सोडायचं आणि सोडता सोडताच चमच्याच्या पाठीनं तेलातच पसरवायचं. गोळा होऊच द्यायचा नाही. पाणी चरचरत उडून जातं आणि मागे उरते जाळी. कडेला काळपट सोनेरी, मधे भोकंच भोकं, आणि त्या जाळीत अडकलेले गुलाबी कामारोनेस. तोंडात टाकलं की आधी कडकड आवाज, मग समुद्र. आपली भजी आतून मऊ असते, ते तिचं सुख आहे. इथं मऊ असं काही नाहीच. मालवणला परतल्यावर मी जवळा घालून, तांदळाचं पीठ मिसळून करून पाहिलं. जाळी पडली, पण जवळा मऊ असल्यानं तो कुरकुरीत डंख आला नाही. करंदी वापरली तेव्हा जरा जवळ पोहोचले. प्रयोग चालू आहेत.

चण्याचं पीठ तिथं आलं कसं, यावर कादिझकर जेनोव्हाच्या व्यापाऱ्यांकडे बोट दाखवतात. हे इटालियन व्यापारी या बंदरात शतकानुशतकं नांदले आणि त्यांच्या गावी चण्याच्या पिठाचे पदार्थ घरोघर होतात. पुरावा म्हणून पानिसास दाखवतात. पाण्यात मीठ घालून त्यात चण्याचं पीठ ढवळत शिजवायचं, गार करून थिजवायचं, चकत्या कापायच्या आणि तळायच्या. मी विचारलं, फोडणी? फोडणी नाही. मोहरी, मिरची, खोबरं, कोथिंबीर काही नाही. पाटवडीचा सांगाडा, अंगावर दागिना नसलेला. मला ते फिकं लागलं, हे कबूल करते. भाचीला आवडलं. तिच्या जिभेला आता मिरची लागत नाही.

मिरचीवरून आठवलं. अमेरिकेतली मिरची स्पॅनिश जहाजांनी युरोपात आणली, आपल्याकडे ती पोर्तुगिजांमुळे आली. स्पेननं तिची धुरी दिलेली पूड केली आणि तिखटपणा बराचसा काढून टाकला. आपण उलट केलं. दोघांपैकी शहाणं कोण, ते मी सांगायला नको.

मात्र एका पदार्थानं मला गप्प केलं. कासोन एन आदोबो. कासोन म्हणजे लहान शार्क, आपली मोरी. मोरीचे तुकडे व्हिनेगर, लसूण, जिरं, ओरेगानो आणि लाल मिरचीची पूड यांत मुरवायचे, जाडसर पिठात घोळवून तळायचे. मोरीच्या मांसात युरिया असतो, मासा शिळा होऊ लागला की त्याला अमोनियाचा उग्र दर्प येतो. आंबटानं तो दर्प मारला जातो, म्हणून व्हिनेगर. आमच्या घरी मोरीला आमसुलं लागतात, ती चवीसाठी असंच मी आयुष्यभर समजत होते. आईनं तसं कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. जिऱ्याची चव जिभेवर आली तेव्हा तर मी डोळेच मिटले. या आदोबोला कादिझमध्ये बिएन-मे-साबे असंही म्हणतात, म्हणजे 'मला छान लागतं'. पदार्थाला इतकं प्रामाणिक नाव मी दुसरं ऐकलेलं नाही.

तळलेली मासळी तिथं कागदाच्या शंकूत मिळते आणि हातात घेऊन चालत खायची असते. पिठाविषयी ते फार काटेकोर. मैदा चालत नाही, जाड दळलेलं पीठ हवं, मासा घोळला की चाळणीत झटकायचा. आम्ही रवा लावतो, त्यामागचा विचार तोच.

आणि आता सुकी मासळी, जिच्यासाठी मी मुळात हा प्रवास केला. बाजारात एका गाळ्यावर गडद किरमिजी, जवळजवळ काळे लाकडासारखे तुकडे टांगलेले होते. मोहामा. ट्यूनाच्या पाठीचं मांस मिठात दिवस-दीड दिवस ठेवायचं, धुवायचं आणि वाऱ्यावर आठवडे दोन-तीन वाळवायचं. शब्द अरबीतून आलेला. मासे पकडायची पद्धतही अरबी नावाची आहे, आल्मादराबा, मारण्याची जागा. वसंतात अंडी घालायला ट्यूना अटलांटिकमधून भूमध्य समुद्राकडे निघतात. बार्बाते, कोनिल, साहारा आणि तारिफा या चार गावांसमोर समुद्रात नांगरून ठेवलेल्या जाळ्यांच्या भुलभुलैयात ते शिरतात आणि शेवटच्या खोलीत अडकतात. सेर्व्हान्तेसनं साहाराच्या आल्मादराबाचा उल्लेख आपल्या कथेत केला आहे. जवळच्या बोलोनियात रोमन लोकांची मासे खारवण्याची दगडी टाकी आजही उघड्यावर आहेत. मी एका टाक्याच्या काठावर बसून डबा खाल्ला.

बार्बातेत मी ट्यूना कापताना पाहिला. हे कापणं म्हणजे रोंकेओ. सुरा कण्याच्या हाडांवरून फिरताना घोरल्यासारखा आवाज येतो, म्हणून नाव घोरणं. मी मुद्दाम कान दिला. खरंच, खुर्चीत डुलकी लागलेल्या काकांसारखा. माशाचे दोन डझनांच्या आसपास भाग निघतात आणि प्रत्येकाला वेगळं नाव. पोटाचा चरबीदार भाग वेगळा, मानेमागचा वेगळा, जबड्याचा वेगळा. उत्तमातला बराच माल जपानला जातो.

मोहामा कागदासारखा पातळ कापतात, वर ऑलिव्ह तेल आणि बाजूला भाजलेले बदाम. सोबत मांसानिया, समुद्राकाठी मुरवलेली फिकट वाइन. गाळेवाल्यानं पहिला काप माझ्या हातात दिला. मीठ, मग धूर नसलेला धुरकट गोडवा, आणि बराच वेळ टिकणारी चव. मी म्हटलं जाड काप द्या. त्यानं नकार दिला. जाड कापला तर चामडं चावल्यासारखं होईल, म्हणाला. भाचीनं भाषांतर केलं, पण त्याचा चेहराच पुरेसा होता.

तरी मी एक अख्खा तुकडा हवाबंद करून मालवणला आणला. आईला दाखवला, कसा कापायचा ते सांगितलं आणि अंघोळीला गेले. आई ८४ वर्षांची, तिचा हात सुक्या बांगड्यावर घडलेला. बाहेर आले तर मोहामा निखाऱ्यावर होता, उलटापालटा भाजून, कडा करपलेल्या. तिनं एक तुकडा चिमटीत धरून खाल्ला, बराच वेळ चघळला.

"मीठ बरां लागलाहा," ती म्हणाली. "पण वास खंय गेलो ह्येचो?"