चांदीला पुरून उरणारे जंतू

भांडी बाजारातून तांब्याचा हंडा आणि सराफ बाजारातून बाळासाठी चांदीची वाटी, ही नाशिकच्या घराघरांतली जुनी खरेदी. ‘तांब्यातले पाणी बाधत नाही’ असे घरातली वडीलधारी मंडळी सांगत. यात तथ्य किती, असे मला दवाखान्यात अनेकदा विचारले जाते. तथ्य आहे, पण त्याला मर्यादाही आहेत.

आपल्याप्रमाणे जंतूंनाही लोह, जस्त, किंचित तांबे असे धातू लागतात. हे धातू त्यांच्या पेशीत मोकळे फिरत नाहीत. प्रथिने त्यांना धरून ठेवतात. ठरलेला धातू जागेवर बसला की मगच ते प्रथिन कामाला लागते. या पकडीत बऱ्याच ठिकाणी गंधकाचा अणू असतो, आणि चांदीला गंधकाची भारी ओढ! देव्हाऱ्यातले चांदीचे निरांजन काळे पडते ते हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळेच. हीच ओढ जंतूच्या मुळावर येते. चांदी प्रथिनातील गंधकाला चिकटते, प्रथिनाचे काम बंद पडते आणि जंतू मरतो. तांबे जास्त झाले तर तेही काही प्रथिनांतील लोहाला हुसकावून लावते.

बंगळुरूच्या संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉलरा, हगवण व विषमज्वराच्या गटातील जंतू मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवले. त्यानंतर त्यात जिवंत जंतू सापडले नाहीत. मात्र गढूळ पाणी गाळून, उकळूनच प्यावे. ताक, चिंच, लिंबू असे आंबट पदार्थ तांब्यात ठेवू नयेत; तांबे उतरून मळमळ, उलट्या होतात.

भाजलेल्या जखमेवर लावायचे पांढरे मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन, 1968 मध्ये अमेरिकेत डॉ. चार्ल्स फॉक्स यांनी पुढे आणले. त्यातही चांदीच काम करते. पण जंतूही स्वस्थ बसत नाहीत. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील भाजलेल्यांच्या विभागात चांदीला न जुमानणाऱ्या साल्मोनेला जंतूंची साथ आली व तीन रुग्ण दगावले. 1975 साली ही हकीकत प्रसिद्ध झाली. पुढे त्या जंतूत ‘सिल-ई’ नावाचे प्रथिन सापडले. ते पेशीच्या बाह्य आवरणाच्या आतच चांदीला पकडून ठेवते. शिवाय दुसऱ्या प्रथिनांचा पंप चांदी बाहेर फेकतो. दारावरच पहारा बसल्यावर आत शिरणार कोण?

हाच खेळ पोटातही चालतो. अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू निकेल धातूच्या साह्याने अमोनिया तयार करतो आणि जठरातील आम्लापासून बचावतो. बिस्मथचे औषध निकेल हाताळणाऱ्या प्रथिनांनाच चिकटते. म्हणून प्रतिजैविकांसोबत ते 10 ते 14 दिवस देतात. त्या काळात शौचास काळे होते, त्याने घाबरू नये. मात्र हे औषध चालू नसताना काळी शौच झाली तर तो रक्तस्राव असू शकतो. त्वरित डॉक्टरांकडे जावे.

वाचकहो, एवढे लक्षात ठेवा. भाजल्यावर प्रथम 20 मिनिटे नळाचे साधे पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नका. मोठ्या किंवा चेहऱ्यावरच्या जखमेसाठी रुग्णालय गाठा. चांदीचे मलम डॉक्टरांनी सांगितल्यावरच वापरा. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी, शेवटचे दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रियांनी ते टाळावे. तान्ह्या बाळालाही आपणहून लावू नये. उरलेली ट्यूब प्रत्येक खरचटण्यावर चोळली, तर चांदीला पुरून उरणारे जंतू आपणच पोसू. मग खरोखर भाजलेल्या माणसाला ते मलम उपयोगी पडणार नाही.