क्रिस्त्यान पालुसालू : दोन कुस्त्यांचा एकच विजेता

१९३६ च्या ऑगस्ट महिन्यांत बर्लिन येथें भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत एस्टोनिया या चिमुकल्या देशाच्या एका मल्लानें आठवड्याभरांत कुस्तीचीं दोन सुवर्णपदकें मिळविलीं. त्याचें नांव क्रिस्त्यान पालुसालू. सर्वांत वजनदार गटांत मुक्त कुस्ती आणि ग्रीको-रोमन कुस्ती या दोहोंचें ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणारा मल्ल त्याच्या आधीं झाला नव्हता, आणि आज इतक्या वर्षांनींही दुसरा झालेला नाहीं.

हें इतकें दुर्घट कां, तें समजण्यासाठीं दोन कुस्त्यांतील भेद पाहिला पाहिजे. ग्रीको-रोमन कुस्तींत कमरेखालीं हात घालावयाचा नाहीं, आणि स्वतःचा पायही डावासाठीं वापरावयाचा नाहीं. म्हणजे आपल्या तालमींतला पट गेला आणि टांगही गेली! मल्लानें छातीला छाती भिडवावयाची, मिठी मारून जोडीदाराला उचलावयाचें व मागें फेंकावयाचें. नांव ग्रीस-रोमचें असलें तरी ही पद्धत वाढली एकोणिसाव्या शतकांतील फ्रान्समध्यें. मुक्त कुस्तींत पायांवर हल्ला होतो; त्यामुळें मल्ल पुढें वांकून, पाय मागें राखून उभा राहतो. ग्रीको-रोमनमध्यें त्याला ताठ उभें राहून अंग पुढें द्यावें लागतें. वर्षानुवर्षें अंगांत मुरलेली संवय चार-पांच दिवसांत पालटावयाची, आणि तीही ८७ किलोंच्या वरच्या गटांत, जेथें समोरच्या मल्लाच्या वजनाला तेव्हां मर्यादाच नव्हती!

पालुसालू १९०८ सालीं पश्चिम एस्टोनियांतील एका खेड्यांत जन्मला. त्याचें मूळ आडनांव ट्रॉसमन. एस्टोनियन भाषेंतील नांवें धारण करण्याची जी राष्ट्रीय चळवळ त्या सुमारास चालली होती, तींत त्यानें तें बदललें. मल्लविद्येची परंपरा त्या देशांत जुनीच. गेऑर्ग लुरिख आणि गेऑर्ग हाकेनश्मिट हे झारशाहीच्या काळांतील नामांकित व्यावसायिक पहिलवान त्याच भूमींतले. परंतु ते लढले तेव्हां त्यांच्या देशाला स्वतःचा ध्वज नव्हता. तो १९१८ नंतर आला, आणि बर्लिनमध्यें पालुसालूसाठीं तो दोनदां सर्वांच्या वर चढला. मुक्त कुस्तींत चेकोस्लोव्हाकियाचा योसेफ क्लापुख त्याच्या मागें राहिला. ग्रीको-रोमनमध्यें स्वीडनचा नीमन दुसरा आणि यजमान जर्मनीचा हॉर्नफिशर तिसरा.

पुढच्याच वर्षीं, १९३७ मध्यें, पॅरिस येथें तो ग्रीको-रोमन कुस्तीचा युरोपीय विजेता झाला. त्यानंतर खांद्याच्या दुखापतीनें त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द आटोपली. ती अशी थोडक्या वर्षांची आहे, हें मुद्दाम सांगावेंसें वाटतें. त्याच्या कीर्तीवरून कोणाला वाटेल कीं, तो दशकभर आखाडा गाजवीत होता.

१९४० सालीं सोविएत सैन्यानें एस्टोनिया व्यापला. दुसऱ्या वर्षीं पालुसालूला सक्तीनें भरती करून उत्तर रशियांतील कोतलास येथील श्रमछावणींत धाडण्यांत आलें. तेथून तो पळाला व पकडला गेला. पुढें त्याला फिनलंडच्या आघाडीवर पाठविलें, तेव्हां संधि साधून तो फिनिश सैन्याकडे निघून गेला. तेथें ऑलिंपिकवीर म्हणून त्याची ओळख पटली व त्याला मायदेशीं जाऊं देण्यांत आलें. युद्ध संपल्यावर मात्र सोविएत अंमलाखालीं त्याला कांहीं काळ तुरुंगवास भोगावा लागला. १९८७ सालीं तो ताल्लिन येथें वारला. एस्टोनिया पुन्हां स्वतंत्र झाला तो १९९१ मध्यें.

त्याची गादी रिकामी मात्र राहिली नव्हती. १९३८ व १९३९ चें वजनदार गटाचें युरोपीय विजेतेपद योहानेस कोटकास या दुसऱ्या एस्टोनियन मल्लानें मिळविलें. ज्या हेलसिंकीच्या सामन्यांत आपल्या खाशाबा जाधवांनीं कांस्यपदक जिंकलें, त्याच १९५२ च्या सामन्यांत ग्रीको-रोमनच्या वजनदार गटाचें सुवर्णपदक कोटकासला मिळालें. हेलसिंकी आणि ताल्लिन यांच्यामध्यें केवळ एक आखात आहे. परंतु त्या दिवशीं वर चढला तो ध्वज सोविएत संघाचा होता.